आकडा शेवटी, वाट आधी: डोंगर खुला ठेवूनही जपायचा कसा

डोंगरवाटेवर एक डबकं साचतं. पहिला चालणारा बूट भिजू नयेत म्हणून डावीकडच्या गवतावर पाय टाकून पुढे जातो. मागचाही तसंच करतो. दहाव्या माणसापर्यंत ते गवत लोळवलेलं असतं, पन्नासाव्यापर्यंत तिथेही चिखल होतो आणि एकावन्नावा उजवीकडून जागा शोधतो. दोन पावसाळे गेले की फूटभर रुंदीच्या पायवाटेवरून बैलगाडी नेता येईल. यात कुणीही मुद्दाम काही बिघडवलेलं नसतं. प्रत्येकाने फक्त आपले मोजे कोरडे ठेवले.

मग बैठक बसते. कुणीतरी म्हणतं, "माणसं फार वाढलीत, दिवसाला शंभरच सोडू." ठराव होतो, फलक लागतो, शंभरच सोडले जातात. डबकं असतं तिथेच असतं आणि ती शंभर माणसंही त्याला वळसा घालूनच जातात.

वाटदुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करतोय, कुदळ हातात घेऊनही आणि अशा बैठकांना बसूनही. माझं मत पक्कं झालंय ते एवढंच, की संख्येवर मर्यादा हे शेवटचं हत्यार आहे आणि आपण ते सगळ्यात आधी उपसतो. डोंगर किती माणसांनी झिजतो यापेक्षा ती माणसं पाय कुठे ठेवतात, कोणत्या महिन्यात येतात आणि शौचाला कुठे बसतात, यावर जास्त ठरतं. एखाद्या डोंगराची, शिखराची किंवा दरीची जबाबदारी तुमच्या समितीकडे, गिर्यारोहण संस्थेकडे किंवा गावाकडे असेल, तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी: काय टिकवायचंय ते लिहून काढा

"निसर्ग जपायचा" हे लिहून काही होत नाही. ते कुणालाच अमान्य नसतं, म्हणून ते कुणालाच बांधूनही ठेवत नाही.

डोंगर किती माणसं पेलू शकतो, हा प्रश्न मुळात कुरणांवरून आला. या रानात किती गुरं सोडली तर गवत पुन्हा उगवेल, असा तो हिशेब. गुरांच्या बाबतीत तो बऱ्यापैकी जमतो. माणसांच्या बाबतीत जमत नाही, कारण दगडी वाटेवरून रांगेत चालणारी पाचशे माणसं आणि ओल्या कुरणात तंबू ठोकणारी पाच, यांचा हिशेब एका आकड्यात बसत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातल्या संशोधकांनी १९८५ मध्ये हा प्रश्नच उलटा केला. किती माणसं चालतील हे विचारू नका, किती बदल चालेल ते आधी ठरवा, असं त्यांनी मांडलं. चालवून घेण्याजोग्या बदलाची ही पद्धत माँटाना राज्यातल्या बॉब मार्शल या राखीव रानात प्रत्यक्ष वापरली गेली. तिथे अधिकारी, घोडेवाले, शिकारी, पदयात्री आणि अभ्यासक एका टेबलाशी बसवले गेले होते, आणि माझ्या मते पद्धतीतला खरा जीव त्या टेबलात आहे.

तुम्ही काय करायचं? डोंगराचा नकाशा पसरा आणि त्याचे तीन-चार पट्टे पाडा. पायथा आणि मुख्य वाट हा एक पट्टा. इथे गर्दी असणार, बाकं असतील, शौचालय असेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मधली धार आणि मुक्कामाच्या जागा हा दुसरा. तिसरा पट्टा म्हणजे जिथे वाट नाही आणि होऊही द्यायची नाही. मग प्रत्येक पट्ट्यासाठी मोजता येतील अशा दोन-तीन मर्यादा लिहा: मुख्य वाटेची रुंदी दीड मीटरच्या आत, मुक्कामाच्या जागेवरची उघडी माती आज आहे तेवढीच, तिसऱ्या पट्ट्यात नवी पायवाट एकही नाही. दहा-बारा मर्यादा लिहू नका. मोजायला कुणी जाणार नाही आणि वही कोरी राहील.

मर्यादा ओलांडली गेली तर काय करायचं, तेही याच बैठकीत लिहा. संकट आल्यावर हे ठरवायला बसलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकलं जातं.

दुसरी पायरी: आजची स्थिती मोजा

यासाठी यंत्रं लागत नाहीत. एक टेप, न ताणणारी दोरी, लांब खिळे, मोबाइलचा कॅमेरा आणि वही पुरते.

वाटेवर जिथे झीज दिसते तिथे दोन्ही कडांना, न तुडवलेल्या जमिनीत, एकेक खिळा ठोका. दोघांमध्ये दोरी ताणून बांधा. आता दोरीपासून खाली जमिनीपर्यंतचं अंतर दर दहा सेंटीमीटरवर मोजून लिहा. सगळे आकडे सेंटीमीटरमध्ये घेऊन बेरजेला दहाने गुणलं की त्या जागी वाटेचा किती छेद वाहून गेलाय ते चौरस सेंटीमीटरमध्ये ढोबळपणे कळतं. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच खिळ्यांवर पुन्हा दोरी बांधायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वर्षभरात गेलेली माती. बैठकीत "पूर्वी इथे असं नव्हतं" यावर तासभर वाद होतो, तो या एका आकड्याने पाच मिनिटांत मिटतो.

फोटोही ठरल्या जागेवरून, ठरल्या उंचीवरून आणि ठरल्या दिशेने घ्या. मी खुणेसाठी जवळच्या खडकाचा आधीच एक फोटो काढून ठेवतो, नाहीतर वर्षभराने "याच झाडापाशी उभा होतो ना मी?" असा घोळ होतो. माणसं मोजायची तर सुट्टीचे चार दिवस आणि कामाचे चार दिवस पायथ्याशी बसून मोजा. कोण किती वाजता आला आणि किती वाजता उतरला, एवढं लिहिलं तरी पुढच्या पायऱ्यांना भरपूर होतं.

तिसरी पायरी: एकवटायचं की पांगवायचं, ते ठरवा

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. आपल्याला वाटतं, दुप्पट माणसं म्हणजे दुप्पट नुकसान. तसं होत नाही. ऑरेगन राज्यातल्या ईगल कॅप रानात आणि नंतर इतरत्रही, मुक्कामाच्या जागांवर वनखात्याचे संशोधक डेव्हिड कोल यांनी केलेल्या अभ्यासातून वेगळंच चित्र पुढे आलं. झाडोऱ्याचं बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या वापरातच होऊन जातं. कोवळ्या कुरणावर वर्षात काही मोजक्या रात्री तंबू पडले की गवत जातं. त्यानंतर रात्री कितीही वाढल्या तरी नुकसान त्या मानाने थोडंच वाढतं, कारण बिघडायला फारसं उरलेलंच नसतं.

यातून दोन नियम निघतात आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. जिथे वर्दळ आहे, तिथे लोकांना एकाच टणक जागेवर गोळा करा: आखलेली वाट, नेमून दिलेले तंबूचे चौथरे, एकच पाणवठा. जिथे कुणी फारसं जात नाही, तिथे पांगवा: रांगेत चालू नका, कालच्या तंबूच्या जागी आज तंबू नको, एका जागी एकच रात्र. सगळ्यात वाईट ती मधली स्थिती. "गर्दी नको म्हणून पलीकडच्या कुरणावर थोडे थोडे जाऊ" हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण त्यातून एका खराब जागेच्या पाच खराब जागा होतात.

म्हणून, लोक कमी करायचे ठरवलं आणि शंभराचे सत्तर केले, तर आधीच उघड्या पडलेल्या जागेवर फारसा फरक दिसत नाही. तीसजण मात्र नाराज होऊन शेजारच्या, अजून हिरव्या असलेल्या खिंडीत जातात.

चौथी पायरी: वाट दुरुस्त करा

खरं काम इथे आहे, आणि खर्चाचा मोठा वाटाही इथेच जायला हवा.

वाट माणसं बिघडवतात हे अर्धंच खरं. माणसं गवत काढून माती मोकळी करतात, तिला वाहून नेतं पाणी. वाटेची आखणी करताना म्हणूनच पाण्यासारखा विचार करावा लागतो. पाऊस पडत असताना छत्री घेऊन वाटेवर जा आणि पाणी कुठून वाटेत शिरतं, किती लांब धावतं आणि कुठे बाहेर पडतं ते बघा. असा एक तास दहा नकाशांच्या बरोबरीचा आहे.

डोंगराच्या सरळ उतारावरून खाली येणारी वाट म्हणजे पाण्याला दिलेली पन्हळ. पाणी एकदा तिच्यात शिरलं की त्याला बाहेर पडायला जागाच नसते, कारण दोन्ही बाजू वाटेपेक्षा उंच असतात. म्हणून वाट उताराला आडवी, वळसे घेत न्यायची. तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा. डोंगर शंभर मीटरला चाळीस मीटर चढत असेल तर वाटेने वीसपेक्षा कमी चढावं. सरासरी तर शंभराला दहाच्या आसपास किंवा त्याखालीच बरी. वाटेला दरीकडे किंचित कल द्यायचा, शंभराला पाच पुरे, म्हणजे पाणी वाटेवरून आडवं निघून जातं. आणि अधूनमधून चढ थोडा मोडून वाट चार-सहा पावलं उतरवायची. त्या खोलगटात आलेलं पाणी दरीकडे वळतं आणि चालणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

जुनी वाट हलवता येत नसेल तर तिच्यावर दगडी बांध घालावे लागतात. यात आम्ही सुरुवातीला केलेली चूक सांगतो. बांध वाटेला काटकोनात, अगदी सरळ आडवे घातले. दिसायला सुबक होते. पहिल्या मोठ्या पावसात प्रत्येक बांधामागे गाळ साचला, पाणी बांधावरून उडी मारून पलीकडे पडलं आणि तिथे गुडघाभर खड्डे झाले. पुढच्या वर्षी सगळे उखडून तिरके घातले, साधारण पंचेचाळीस अंशात, दरीकडचं टोक खाली ठेवून आणि तोंडाशी पाणी जायला रुंद चर काढून. ते टिकले. तरी वर्षातून दोनदा त्यांच्या तोंडचा गाळ फावड्याने काढावा लागतोच. बांध घालायला स्वयंसेवक रांगेने येतात, गाळ काढायला कुणी फिरकत नाही. मनुष्यबळ ठरवताना हे लक्षात ठेवा.

आता त्या डबक्याकडे परत येऊ. ते बुजवण्यासाठी मुरूम टाकू नका, पाणी वाढलं की तो वाहून जातो. आधी पाणी बाहेर काढणारा चर खणा. नंतर मधोमध सपाट माथ्याचे मोठे दगड पावला-पावलाच्या अंतरावर खोल पुरा. दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत गेला पाहिजे, डगमगला तर लोक त्याच्यावर पाय ठेवणार नाहीत. शेवटी दोन्ही कडांवर ओबडधोबड, टोकेरी दगड पसरा, तेही अर्धे पुरून, मुद्दाम मांडलेले वाटणार नाहीत असे. माणूस नेहमी सोपी बाजू निवडतो. मधली बाजू सोपी करा आणि कडा अवघड. मग "वाट सोडू नका" असा फलक लावायची गरजच पडत नाही.

वळणावळणाच्या वाटेवर आडवाटा पडतात, त्यांचंही असंच. दोन वळणांमधून पुढचा टप्पा दिसला की पाय तिकडे ओढला जातो. आडवाटेचं वरचं आणि खालचं तोंड दिसेनासं करा. वाळक्या फांद्या, दगड, जवळच उगवणाऱ्या झुडपांची रोपं, एवढ्याने भागतं. मधला भाग लपवायला दम घालवू नका. तोंड दिसलं नाही तर मध्ये कुणी शिरत नाही.

जिथे दररोज शेकडो पाय पडतात तिथे मातीची वाट टिकत नाही, दगडच लागतो. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये 'फिक्स द फेल्स' या उपक्रमात डोंगरवाटांवर दगड उभे, एकमेकांना खेटून पुरतात, आणि जड दगड उंचावर पोचवायला हेलिकॉप्टरसुद्धा वापरतात. दलदलीच्या जागी तिथे मेंढीच्या लोकरीचा थर पसरून त्यावर वाट तरंगती ठेवल्याचीही उदाहरणं आहेत. अशी वाट "नैसर्गिक" वाटत नाही अशी तक्रार येते. तक्रार रास्त आहे. पण दीड मीटरची फरसबंदी आणि वीस मीटरचा चिखलपट्टा यातून मला निवड करायची असेल तर मी फरसबंदी निवडतो. मात्र ती फक्त पहिल्या पट्ट्यात. शिखराजवळ पायऱ्या, कठडे आणि साखळ्या आल्या की एरवी मागे फिरली असती अशी माणसंही वर पोचतात, आणि पुढच्या वर्षी आणखी कठडे मागितले जातात.

पाचवी पायरी: मैला

हा विषय बैठकीत हसण्यावारी नेला जातो. नेऊ देऊ नका.

जिथे माती खोल आहे आणि उबही आहे, तिथे वाट, पाणी आणि मुक्काम यांच्यापासून साठेक मीटर, म्हणजे सत्तर मोठी पावलं दूर जाऊन पंधरा-वीस सेंटीमीटर खोल खड्डा खणायचा आणि तो बुजवायचा. जंतूंनी काम करावं अशी माती त्याच थरात असते. जास्त खोल खणलं तर उलट कुजायला वेळ लागतो. कागद पुरू नका, पिशवीत घालून परत न्या.

झाडं उगवायची थांबतात त्या उंचीच्या वर, खडकात किंवा बर्फावर मात्र पुरून काहीही होत नाही. थंडीत ते कुजत नाही, बर्फ वितळला की पाण्यात उतरतं. तिथे एकच उपाय, आपलं आपण खाली आणायचं. अलास्कातल्या डेनाली शिखरावर गिर्यारोहकांना त्यासाठी झाकण पक्कं बसणारा डबा दिला जातो. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू पासांग ल्हामू पालिकेने २०२४ पासून चढाई करणाऱ्यांना अशा पिशव्या बंधनकारक केल्या. कचऱ्याबाबत नेपाळने २०१४ मध्येच प्रत्येक गिर्यारोहकाने किमान ८ किलो कचरा खाली आणावा असा नियम केला होता. वजनाचा नियम मला पटतो, कारण खाली काटा लावून तपासता येतो. "कचरा करू नये" हे तपासायचं कसं?

पायथ्याशी शौचालय बांधत असाल तर ते वाट सुरू होण्याआधी, गाड्या लागतात तिथेच बांधा. वर बांधलं तर ते उपसणार कोण, याचं उत्तर आधी लेखी घ्या.

सहावी पायरी: संख्येआधी वेळ बांधून द्या

वर्षाचे सगळे दिवस डोंगराला सारखे नसतात. मुसळधार पावसानंतरचे आठ दिवस, बर्फ वितळतानाचे तीन आठवडे, पक्ष्यांची वीण, एवढ्या काळात माणसं थांबवली तर उरलेलं वर्ष बरंच मोकळं ठेवता येतं. पेरूतली इंका वाट दर फेब्रुवारीत, ऐन पावसात, पूर्ण बंद असते आणि तेव्हाच तिची डागडुजी होते.

अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या कड्यांवर पेरेग्रीन ससाणे घरटी करतात. त्या काळात ठरावीक कडे चढाईला बंद ठेवले जातात. मला आवडतो तो त्याचा दुसरा भाग. तिथे घरट्यांवर नजर ठेवली जाते, आणि एखाद्या कड्यावर यंदा जोडी बसलेली नाही असं दिसलं तर तो मुदतीआधीच खुला होतो. बंदीमागे खरंच कारण आहे आणि कारण संपलं की बंदीही संपते, हे पटलं की कड्यावर चढणारा माणूस स्वतःच पहारेकरी होतो.

हिवाळ्यात उलटं, तिथे त्रास देणाऱ्याला तो कळतच नाही. आल्प्समधला ब्लॅक ग्राउस हा पक्षी बर्फात बीळ करून बसतो आणि शक्ती राखून थंडी काढतो. स्कीवाला जवळून गेला की तो उडतो, आणि दिवसातून दोन-तीनदा उडावं लागलं की साठवलेली शक्ती संपायला लागते. स्कीवाल्याला वाटतं, किती छान पक्षी दिसला! स्वित्झर्लंडमध्ये यासाठी शांतता-पट्टे आखून ते स्कीच्या नकाशांवरच छापतात. माणूस जो नकाशा बघून निघतो त्यावरच नियम असला पाहिजे. पायथ्याच्या फलकापर्यंत पोचेपर्यंत त्याचा बेत ठरलेला असतो.

फलक लावायचाच तर त्यावर तीन गोष्टी हव्यात: काय बंद, कोणत्या तारखेपर्यंत, आणि का. "प्रवेश निषिद्ध, हुकुमावरून" हा फलक मी स्वतः तरुणपणी ओलांडलेला आहे.

सातवी पायरी: आता आकडा

एवढं सगळं करूनही मर्यादा ओलांडली जात असेल तर संख्या बांधा. फक्त तो आकडा कशातून तरी निघाला पाहिजे. समितीला गोल आकडे आवडतात, डोंगराला त्यांचं काही नसतं.

न्यूझीलंडच्या मिलफर्ड वाटेवर हंगामात स्वतंत्र चालणाऱ्या ४० जणांनाच रोज सोडतात, आणि तेही एकाच दिशेने. मुक्कामाच्या प्रत्येक झोपडीत त्यांच्यासाठी तेवढ्याच जागा आहेत. आकडा खाटांतून आला. एकाच दिशेने चालवल्याने दिवसभरात समोरून कुणी येत नाही, त्यामुळे माणसं असूनही वाट निर्मनुष्य वाटते. ही युक्ती बिनखर्चाची आहे आणि कुठेही करून बघता येते.

योसेमिटीच्या हाफ डोम या सुळक्यावर आकडा तारदोरांतून आला. शेवटच्या उभ्या खडकावर दोन तारदोर धरूनच चढता-उतरता येतं. गर्दी झाली की माणसं मध्येच अडकून पडतात, आणि वादळ आलं तर उतरायला वेळ राहत नाही. २०१० मध्ये काही दिवसांसाठी आणि २०११ पासून रोज परवाना लागू झाला, पुढे मर्यादा दिवसाला सुमारे ३०० जणांवर आली. जपानच्या फुजी पर्वतावर २०२४ मध्ये योशिदा वाटेला दिवसाला ४,००० ची मर्यादा आली, पण माझ्या मते तिथला मोठा बदल वेगळाच होता. दुपारनंतर फाटक बंद होऊ लागलं, वरच्या झोपडीत जागा राखलेली असेल तरच आत. अडचण होती ती विश्रांती न घेता रातोरात शिखर गाठणाऱ्यांची, आणि ती फाटकाच्या वेळेने धरली.

इंका वाटेवर दिवसाला ५०० जणांनाच सोडतात, आणि ते मोजताना वाटाडे, स्वयंपाकी आणि हमालही धरतात. बरोबर आहे. पाय सगळ्यांचेच असतात. तुमच्या आकड्यात कोण कोण मोजलंय ते स्पष्ट लिहा.

परवाने वाटायचे कसे, यावर भांडणं होतात. आधी येईल त्याला दिले तर ज्याला ऑनलाइन ताटकळत बसायला वेळ आहे त्याचं फावतं. फी वाढवली तर पैसेवाल्याचं. सोडत सगळ्यात न्याय्य, पण ऐनवेळी निघणाऱ्याचा तीत पत्ता कट होतो. मी सोडत घेतो आणि थोडे परवाने आदल्या दिवसासाठी राखून ठेवतो. रद्द झालेला परवाना लगेच दुसऱ्याला मिळेल अशी सोय हवीच, नाहीतर कागदावर वाट भरलेली आणि प्रत्यक्षात ओस. आणि मर्यादा लागू केल्या दिवसापासून शेजारच्या दोन वाटांवरही माणसं मोजा. गर्दी नाहीशी होत नाही, सरकते.

पूर्ण बंद करायचं असेल तर

कधीकधी तेच योग्य असतं. भूतानने १९९४ मध्ये सहा हजार मीटरवरच्या शिखरांची चढाई थांबवली आणि २००३ मध्ये गिर्यारोहण पूर्ण बंद केलं. त्यामागे श्रद्धा आहे, आणि श्रद्धा हे पुरेसं कारण आहे. वायोमिंगच्या डेव्हिल्स टॉवरवर १९९५ पासून वेगळी वाट काढली गेली. तिथल्या मूळ रहिवासी जमातींसाठी तो खडक पवित्र आहे, म्हणून जून महिन्यात त्यावर चढू नये अशी विनंती केली जाते. सक्ती नाही.

पण बंद केलेलं रान आपोआप सुखी होतं असं नाही. उत्तराखंडातल्या नंदादेवी रानाचा गाभा मोहिमांच्या कचऱ्यामुळे आणि तोडीमुळे १९८३ पासून बंद आहे. रान सावरलं, पण आसपासच्या गावांतल्या हमालांची आणि वाटाड्यांची कमाई बुडाली आणि चराईची कुरणं हातची गेली. जवळच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये चराई थांबली, त्यानंतर पॉलिगोनम नावाची उंच वाढणारी वनस्पती फुलांच्या पट्ट्यांवर पसरत गेली. चराई थांबल्यामुळेच ती पसरली का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण दर हंगामात ती उपटावी लागते हे खरं. २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचे तंबू बंद केले आणि पर्यटकांची संख्या दोनशेवर बांधली. कुरणांची दशा बघता पाऊल उचलायलाच हवं होतं. मात्र निकाल वरून आला, आणि त्याची झळ सगळ्यात आधी ज्यांच्या पोटाला बसते त्यांच्याशी बोलणं नंतर सुरू होतं, ही अशा निर्णयांची नेहमीची गोची. बंद करायच्या आधी त्या घरांना वाटदुरुस्तीचं, मोजणीचं, गाळ काढायचं पगारी काम द्या. ते काम दरवर्षी निघतं, हे वर आलंच आहे.

आणखी एक. डोंगर खुले मिळाले ते कुणाच्या मेहेरबानीने नाही. २४ एप्रिल १९३२ ला इंग्लंडमध्ये किंडर स्काउट या डोंगराच्या खासगी माळावर शेकडो लोक मुद्दाम चढले, त्यांच्यातले काहीजण तुरुंगात गेले. त्याच परिसरात १९५१ मध्ये ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. नॉर्वेने १९५७ मध्ये आणि स्कॉटलंडने २००३ मध्ये रानातून चालण्याचा हक्क कायद्यातच लिहिला, सोबत चालणाऱ्याची कर्तव्यंही. तोच स्कॉटलंड लोख लोमंड सरोवराच्या गजबजलेल्या काठांवर २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर तंबूला परवाना मागतो. हक्क सगळीकडे आणि अटकाव नेमक्या जागी, नेमक्या महिन्यांत, हा साचा मला आजवर सगळ्यात कमी भांडणाचा वाटलाय.

दरवर्षी, एकाच आठवड्यात

वर्षातला एक आठवडा पक्का करा. खिळे शोधा, दोरी बांधा, छेद मोजा, फोटो घ्या, त्या दिवसांत माणसं मोजा. आकडे पहिल्या पायरीत लिहिलेल्या मर्यादांशेजारी मांडा. मर्यादा ओलांडलेली दिसली तर लगेच आकड्याकडे धावू नका. त्या वर्षी बांधांचा गाळ दोनदा काढला होता का, ते आधी बघा. आमच्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आहे. वाट खराब निघाली त्या वर्षांपैकी बहुतेक वर्षी तो कोराच सापडलाय.

एखादा खिळा सापडला नाही तर शेजारी नवा ठोका आणि नवा ठोकला असं तारखेसकट लिहा. जुना बहुधा दोन वर्षांनी कुणाच्या तरी बुटाला टोचून सापडतो.